कॅटालिना २२ देऊन मॅकग्रेगर २६एम घ्यावी का? नोवीकर यांच्या लेखाला उत्तर

सुकाणू :

नोवीकर यांचा परवाचा मजकूर मी तीन वेळा वाचला आणि तिसऱ्या वाचनानंतरही राग ओसरला नाही, म्हणून तिथेच दोन ओळी न लिहिता या मंचावर वेगळा धागा काढतो आहे. ज्यांच्या वाचनातून तो सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यांच्याकडे १९८४ सालची, स्विंग कीलची (म्हणजे तळाखालचे जड पाते केबलने वर घेता येते अशी) कॅटालिना २२ ही शिडाची बोट ट्रेलरसकट आहे. एक विक्रेता ती २,५०० डॉलरला जमा करून घेऊन २०१० सालची मॅकग्रेगर २६एम ही शिडाचीच, पण मोठी बोट, ५० अश्वशक्तीच्या इंजिनासह, १८,५०० डॉलरला द्यायला तयार आहे. बोट बदलायची की नाही हा ज्याच्या त्याच्या खिशाचा आणि हौसेचा प्रश्न आहे आणि त्यात मी पडलो नसतो. पण लेखाच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे की चाळीस वर्षांची बोट म्हणजे फायबरग्लासचे भंगार असून तिच्यात मुलांना बसवणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. माझी कॅटालिना १९८१ सालची आहे. माझ्या दोन्ही मुली तिच्यात लहानाच्या मोठ्या झाल्या. हे वाक्य मला लागले, आणि ते चुकीचेही आहे.

कॅटालिना कंपनीचे संस्थापक फ्रँक बटलर यांनी कॅटालिना २२ ही बोट १९६९ साली बाजारात आणली आणि तेव्हापासून पंधरा हजारांहून अधिक बोटी बांधल्या गेल्या. व्यवहारात याचा अर्थ असा की तिची बहुतेक प्रत्येक पिन, कप्पी आणि खिडकीचे रबर आजही घरबसल्या मागवता येते, आणि तिला कोणती दुखणी जडतात हे शेकडो लोकांनी फोटोंसह लिहून ठेवले आहे. तिच्या २,२५० पौंडांपैकी ५५० पौंड ओतीव लोखंडाच्या कीलमध्ये आहेत. कील वर घेतली की दोन फूट पाणी पुरते आणि पूर्ण खाली सोडली की पाच फूट लागते. डेट्रॉईटजवळच्या लेक सेंट क्लेअरची सरासरी खोली जेमतेम अकरा फूट आहे, त्यामुळे आपल्या या तळ्यासाठी यापेक्षा सोयीची रचना मला तरी माहीत नाही.

आता पैशांचे बोलू. मिशिगनमध्ये नोंदणीकृत बोट विक्रेत्याकडे जमा केली तर तिच्या किमतीवर सहा टक्के विक्रीकर लागत नाही, ही सवलत २०१३ पासून आहे आणि विक्रेते ती मोठ्या तोंडाने सांगतात. अडीच हजारांवर सहा टक्के म्हणजे १५० डॉलर. ट्रेलर, शिडे आणि चालू इंजिनासह चांगल्या स्थितीतली ही बोट एप्रिल महिन्यात परस्पर विकली तर साडेचार हजार सहज येतात. म्हणजे दीडशे वाचवण्यासाठी दोन हजार सोडायचे, आणि वर सोळा हजार आणि त्यावरचा ९६० डॉलर कर भरायचा. हा हिशेब त्यांच्या लेखात कुठेही नाही.

नोवीकर :

सुकाणू, वाक्य कठोर होते हे मान्य करतो, पण ते तुमच्या बोटीबद्दल नव्हते, माझ्या बोटीबद्दल होते. डोलकाठीच्या बुंध्याशेजारी उजव्या बाजूला पाय दिला की डेक (बोटीचा वरचा पृष्ठभाग) दबतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो तर सगळीकडे टणक आवाज येतो आणि तिथे दीड हाताच्या पट्ट्यात ओल्या पुठ्ठ्यासारखा. आतला लाकडी थर कुजला आहे हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. जो डेक डोलकाठीचा भार घेतो त्याच्याच पोटात कुजलेले लाकूड आहे हे माहीत असताना नऊ आणि सहा वर्षांच्या मुलांना पुढे बसू देणे मला जमत नाही.

दुसरे कारण मी लेखात लिहिले नाही, ते आता लिहितो. गेल्या संपूर्ण उन्हाळ्यात आमची बोट चार वेळा पाण्यात उतरली. पत्नीच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून पंचवीस फुटांची डोलकाठी उभी करण्यात तिची मदत घेता येत नाही. मी एकटा ती उचलतो, मोठा मुलगा पुढून दोर ओढतो आणि दर वेळी रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, कोणी ना कोणी अनोळखी गृहस्थ धावत येऊन हात देतात. मेट्रोपार्कच्या रॅम्पवर पोहोचल्यापासून शीड उघडेपर्यंत दोन तास जातात. तोवर धाकटीला भूक लागलेली असते आणि वारा पडलेला असतो. २६एमला डोलकाठी उभी करण्याची विंच (दोर गुंडाळून ओढणारे चाक) आणि आधाराचा खांब असतो, ते काम एका माणसाला जमते. मी सोळा हजार डॉलर वेगासाठी देत नाही, या दोन तासांसाठी देतो आहे.

उत्तरवारा :

नोवीकर, मी सात वर्षे २६एम चालवते आहे. तुमचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. मी पाच फूट एक इंच उंचीची बाई आहे आणि मी एकटी ती डोलकाठी उभी करते. या चर्चेत भाग घेणाऱ्या किती पुरुषांना आपली डोलकाठी दुसऱ्याच्या मदतीशिवाय उभी करता येते, ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहावे.

आम्ही दर जुलैमध्ये मॅकिनॉ पूल ओलांडून लेक ह्युरॉनच्या नॉर्थ चॅनेलला जातो. तीन वर्षांपूर्वी बेंजामिन बेटांजवळ नांगर टाकून बसलो असताना पश्चिमेला आभाळ शाईसारखे काळे झाले. माझी सासू बोटीवर होती, वय एकाहत्तर. आम्ही शीड गुंडाळले, इंजिन चालू केले आणि सव्वा तासात लिटल करंटच्या धक्क्याला लागलो. दोर बांधून होतात न होतात तोच गारा सुरू झाल्या. कॅटालिनाची पाण्यातली लांबी १९ फूट ४ इंच आहे, आणि अशा बोटीचा वेग त्या लांबीनेच बांधला जातो, म्हणजे वारा आणि इंजिन दोन्ही लावले तरी ती सहा नॉटच्या (ताशी सहा सागरी मैलांच्या) आतच राहणार. तेच अंतर तिला साडेतीन-चार तास लागले असते. निष्काळजीपणा हा शब्द मी वापरणार नाही, पण मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असताना घरी लवकर पोहोचता येणे ही चैन नाही.

सुकाणू :

ताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो इंजिनाचा अनुभव आहे, शिडाच्या बोटीचा नाही. साडेतीन तास हवेत म्हणून माणूस आकाशाकडे साडेतीन तास आधी बघायला शिकतो. आमच्या पिढीने बॅरोमीटर पाहून नांगर उचलला आहे.

२६एम ही इंजिनाची बोट आहे आणि तिच्यावर शीड लावलेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात स्थिरतेसाठी १,१५० पौंड पाणी आणि केवळ ३०० पौंड कायमचे वजन आहे. टाकीतले पाणी बोटीच्या तळाशी, पाण्याच्या पातळीखाली असते, त्यामुळे बोट कलून ते पाणी पातळीच्या वर उचलले जाईपर्यंत त्याचा जोर लागत नाही. म्हणूनच ती पहिल्या झुळकेला झटकन कलते आणि मग कुठेतरी जाऊन थांबते. नवख्या माणसाची छाती त्या पहिल्या कलण्यानेच दडपते. शिवाय तिच्या उंच भिंतींमुळे धक्क्याला लावताना वारा तिला कागदी होडीसारखी ढकलतो. कॅटालिनाचे लोखंड पाच फूट खोल असते आणि ते कायम आपले काम करत असते.

उत्तरवारा :

त्या ३०० पौंडांच्या जोडीला तिच्या पोटात इतका फोम भरलेला आहे की बोट पाण्याने पूर्ण भरली तरी बुडत नाही. तुमच्या कॅटालिनामध्ये तसा फोम आहे का? ५५० पौंड लोखंड बांधलेल्या बोटीत पाणी शिरले तर ते लोखंड तिला कुठे नेते, हेही एकदा लिहा.

टाकी रिकामी ठेवून शीड उभारू नये, हे तिच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत सांगितले आहे. मी रॅम्पवरून सुटताच झडप उघडते, हवेची नळी मोकळी करते, आणि टाकी काठोकाठ भरल्याची हाताचे बोट आत बुडवून खात्री करते, मगच कोणालाही पुढे जाऊ देते. नियम पाळणाऱ्याला ती बोट दगा देत नाही. आणि "आमच्या पिढीने" हे शब्द कृपया वापरू नका. मी बावन्न वर्षांची आहे.

हर्णैकर :

दोन्ही बाजू वाचल्या. मी शिडाच्या बोटीवर लहानपणापासून आहे, म्हणून थोडे लिहितो. हर्णैला माझ्या मामांची लाकडी होडी होती. ती माझ्या जन्माआधीची होती आणि मी शिक्षण संपवून बाहेर पडलो तेव्हाही चालू होती. मेअखेरीला ती वाळूवर ओढून, लाकडी ओंडक्यांवर टेकवून, नारळाच्या झापांनी झाकली जायची. मामा रोज पावसात जाऊन झाप सरकले आहेत का ते बघायचे. नारळी पौर्णिमेच्या आधी सांध्यांतला जुना कापूस टोकरून नवा भरायचा, मग तेल, मग पूजा. पंचवीस वर्षांत त्यांनी निम्म्याहून अधिक फळ्या बदलल्या असतील, पण होडी जुनी झाली असे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. बोट वर्षांनी म्हातारी होत नाही, ती दुर्लक्षाने होते. नोवीकर, तो दबलेला डेक कापून, नवा प्लायवूड घालून, वर दोन थर काच-कापड आणि इपॉक्सी लावणे हे दोन शनिवार-रविवारचे काम आहे आणि त्याला तीनशे डॉलरपेक्षा अधिक खर्च येणार नाही.

आणि ओढण्याचा प्रश्न कोणी काढलाच तर सांगतो, मी माझी कॅटालिना सहा वर्षे होंडा ओडिसीने ओढतो आहे आणि एकदाही अडचण आलेली नाही.

चौथागिअर :

हर्णैकर काका, तुमच्याबद्दल आदर राखून लिहितो, पण तुमची शेवटची ओळ वाचून मला गप्प बसवत नाही. मी अठरा वर्षे गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. ओडिसीची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड आहे आणि तीसुद्धा गाडीत दोन माणसे असतानाची. माणसे वाढली की मर्यादा उतरत जाते, तसा तक्ता पुस्तिकेत छापलेला आहे. तुम्ही चार माणसे, शीतपेटी आणि बोट घेऊन निघता तेव्हा ती मर्यादा कुठे असते हे तुम्ही पाहिले आहे का?

खरा प्रश्न कोणती बोट चांगली हा नाहीच. नोवीकर यांच्याकडे कोणती गाडी आहे, हे अजून कोणी विचारलेले नाही. २६एमचा हिशेब मी मांडतो. रिकामी बोट २,५५० पौंड, ५० अश्वशक्तीचे इंजिन सुमारे अडीचशे, ट्रेलर सातशेच्या घरात. इथेच साडेतीन हजार झाले. अजून पेट्रोल, बॅटरी, नांगर, शिडे, गाद्या, भांडी आणि मुलांच्या सायकली चढायच्या आहेत. ती बोट चार हजारांच्या खाली रस्त्यावर येत नाही. तिच्यासाठी व्ही६ इंजिनाची टोयोटा हायलँडर किंवा ऑल-व्हील-ड्राइव्हची होंडा पायलट हवी, म्हणजे पाच हजारांची मर्यादा असलेली गाडी. नोवीकर, गाडी कोणती?

नोवीकर :

ओडिसी. आणि पत्नीची टेस्ला मॉडेल वाय आहे, तिचीही मर्यादा ३,५०० आहे. विक्रेत्याने "मिनीव्हॅनने आरामात ओढली जाते" असे सांगितले होते.

चौथागिअर :

विक्रेत्याला बोट विकायची आहे. उतारावर समोरचा ट्रक थांबला की तुम्हाला थांबायचे आहे. ओढायला कोणतेही इंजिन ओढते, फर्स्ट गिअरमध्ये ओढते, किंचाळत ओढते. मर्यादा ठरते ती थांबण्यावर, गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानावर आणि मागचे चाक दाबले गेल्यावर पुढच्या चाकांची पकड किती उरते यावर. ओडिसी पुढच्या चाकांवर चालते, हे विसरू नका. ओल्या रॅम्पवर शेवाळ असताना चार हजार पौंड मागे लटकत असतील तर ती चाके जागच्या जागी फिरतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. गाडी हळूहळू मागे पाण्यात सरकत होती आणि तिच्यात एक लहान मूल पट्टा बांधून बसलेले होते. त्या दिवसापासून मी रॅम्पवर पोहोचलो की आधी मुलांना गाडीतून उतरवतो.

हर्णैकर :

सहा वर्षांत माझ्या गाडीचे चाक फिरले नाही. पुस्तिका वकील लिहितात. मी ताशी ५५ मैलांच्या वर जात नाही, गिअर उतरवून चालवतो आणि जड सामान चाकांच्या दांड्यावर येईल असे ठेवतो. अनुभवाला काही किंमत आहे की नाही? तुम्ही मला मामांच्या होडीवर प्रवचन दिले नाहीत हे बरे झाले.

चौथागिअर :

अनुभवाला किंमत आहे, पण सहा वर्षे काही झाले नाही हा पुरावा नव्हे. तुमच्या जोडणीवर किती भार पडतो तो तुम्ही मोजला आहे का? एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर पडायला हवा. कमी पडला तर ट्रेलर महामार्गावर शेपटीसारखा डोलू लागतो. कॅटालिनाचे बाहेरचे इंजिन अगदी मागे लटकते, त्यामुळे तो भार नेहमी कमी भरतो. इंजिन काढून गाडीत ठेवता का?

हर्णैकर :

नाही. तिथेच असते.

क्लिअरलेक :

ह्यूस्टनहून लिहितो. गाडीच्या वादात मॉडेल वाय राहून गेली, तिचा अनुभव मी घेतला आहे. बोट हलकी होती, माँटगोमेरी १५, गाडीला तिचे ओझे जाणवतसुद्धा नव्हते. पण एका चार्जवरचे अंतर जवळजवळ निम्मे झाले. त्याहून मोठी अडचण अशी की चार्जिंगच्या बहुतेक जागा भिंतीकडे पाठ करून लावायच्या असतात, सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येत नाही. दर वेळी ट्रेलर सोडून पार्किंगच्या कोपऱ्यात लावायचा, गाडी चार्ज करायची, पुन्हा जोडायचा, दिवे तपासायचे. कॉर्पस क्रिस्टीच्या एका फेरीत मी हे दोनदा केले आणि परत आल्यावर बोट विकून टाकली. नोवीहून ट्रॅव्हर्स सिटी सुमारे २४० मैल आहे. नोवीकर, मनात आधीच हिशेब करून ठेवा.

पण मी लिहायला आलो ते दुसऱ्या कारणाने. सुकाणू कॅटालिनाच्या लोखंडी कीलचे गुणगान करत आहेत, त्यांनी केबलबद्दल एक अक्षर लिहिलेले नाही. माझ्याकडे माँटगोमेरीच्या आधी १९७७ सालची कॅटालिना होती. गॅल्व्हेस्टनच्या उपसागरातून परतताना उथळ पाणी आले म्हणून मी कील वर घेत होतो. विंचचा दांडा अर्ध्याहून अधिक फिरवून झाला होता आणि अचानक तो हातात हलका झाला. पुढच्या क्षणाला खालून असा आवाज आला की मला वाटले आपण खडकावर चढलो. केबल तुटून ५५० पौंड लोखंड सुटे झाले होते, ते खाली पडले आणि कीलच्या खाचेच्या टोकावर आदळले. पायरीखालून, जिथून केबल आत येते त्या नळीच्या तोंडातून, पाणी उसळत होते. बायको बादलीने पाणी उपसत होती आणि मी रबराची नळी टॉवेलने आवळून धरली होती. धक्का दोन मैलांवर होता. आम्ही पोहोचलो, बोट वाचली, पण कीलची पिन जिथे बसते तो भाग तडकला होता आणि दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीइतका आला. त्या बोटीचे फायबरग्लास ठणठणीत होते. वयाचा प्रश्न फायबरग्लासला नसतो, त्या एका तारेला असतो.

सुकाणू, तुमची केबल तुम्ही शेवटची कधी बदलली?

सुकाणू :

नऊ वर्षांपूर्वी. तुमच्याकडे खारे पाणी आहे, आमच्याकडे गोडे, त्यामुळे तुलना सरळ होत नाही. गोड्या पाण्यात तार गंजायला कितीतरी अधिक काळ लागतो.

केबलच्या प्रकृतीची खूणही असते. कील पूर्ण खाली असताना चार नॉटच्या वर वेग गेला की ती तार कंप पावते आणि बोटीच्या तळातून एक बारीक गुणगुण ऐकू येते. माझी मोठी मुलगी तीन वर्षांची असताना त्या आवाजाला "बोट गाते" म्हणायची आणि तो ऐकत बंकवर (बोटीतल्या झोपायच्या फळीवर) झोपी जायची. तो आवाज बदलला की काहीतरी बिघडले असे समजायचे. माझ्या बोटीचा आवाज बदललेला नाही.

उत्तरवारा :

आवाज ऐकून तुम्हाला ताण कळेल, आतल्या तारांपैकी किती तुटल्या हे कळणार नाही. माझ्या बोटीची झडप मला दिसते आणि हाताने तपासता येते. तुमची केबल तुम्ही पाहू शकत नाही, आणि जी गोष्ट दिसत नाही तिच्यावर तुम्ही दोन मुलींची झोप सोपवलीत. हे लिहिताना मला वाईट वाटते आहे, पण सुरुवात तुम्ही माझ्या बोटीला शिडाची बोट न मानण्यापासून केली होती.

सुकाणू :

मुलींचा उल्लेख मी केला होता, तरीही तो अशा रीतीने परत माझ्यावर यायला नको होता. दोन दिवस मी इथे लिहिणार नाही.

हर्णैकर :

मंडळी, शब्द जपून वापरावेत. आपण सगळे एकाच रॅम्पवर उभे राहणारे लोक आहोत, उद्या कोणाची तरी डोलकाठी धरायला दुसऱ्यालाच धावावे लागणार आहे. चौथागिअर, मी काल इंजिन उतरवून गाडीत ठेवले आणि न्हाणीघरातला वजनकाटा जोडणीखाली ठेवून पाहिला. इंजिन मागे असताना दोनशे पौंड, काढल्यावर दोनशे साठ. एकूण वजन मला माहीत नाही, म्हणून टक्के काढता येत नाहीत. यापुढे इंजिन गाडीत जाईल. याहून अधिक काही मान्य करत नाही.

चौथागिअर :

एवढेही पुरेसे आहे, काका. एकूण वजन मोजायला महामार्गावरच्या ट्रक थांब्यावर कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा मोठा काटा, असतो. थोडक्या पैशांत काम होते. आधी गाडी आणि ट्रेलर एकत्र, मग ट्रेलर बाजूला ठेवून नुसती गाडी, फरक काढायचा. नोवीकर, तुम्हीही हे करा. आजची बोट किती भरते हे कळल्याशिवाय उद्याच्या बोटीवर बोलणे व्यर्थ आहे.

नोवीकर :

शनिवारी जाऊन आलो. बोट, ट्रेलर आणि त्यात नेहमी असते ते सगळे सामान मिळून ३,८६० पौंड भरले. कागदावर २,२५० पौंडांची बोट, म्हणून मी आजवर ट्रेलर धरून तीन हजारांच्या आसपास समजत होतो. म्हणजे चार वर्षे मी मुलांना मागच्या सीटवर बसवून मर्यादेच्या किमान ३६० पौंड वर गाडी चालवत होतो, आणि माणसांचा तक्ता लावला तर त्याहूनही अधिक. ज्या माणसाने इतरांना निष्काळजी म्हटले त्याची ही स्थिती होती. सुकाणू, ते वाक्य मी मूळ लेखातून काढून टाकले आहे आणि तुमची माफी मागतो.

घरी येऊन बोट रिकामी केली. पुढच्या बंकखाली आधीच्या मालकाने ठेवलेल्या शिशाच्या चार पिशव्या मिळाल्या, प्रत्येकी पंचवीस पौंडांच्या. मी त्या आजवर पाहिल्याच नव्हत्या. दुसरी मेलेली बॅटरी, जुन्या शिडांच्या दोन पिशव्या, साखळीसह जास्तीचा एक नांगर आणि पाण्याची भरलेली टाकी. हे सगळे काढल्यावर अंदाजे अडीचशे पौंड कमी झाले. तरीही ३,६०० च्या आसपास.

विक्रेत्याला फोन करून मिनीव्हॅनबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला की मिनीव्हॅन हे त्याचे वैयक्तिक मत होते आणि ते कागदावर लिहून देता येणार नाही. व्यवहार मी थांबवला आहे. २६एम मला अजूनही हवी आहे, ताई, पण तिच्यासाठी आधी गाडी बदलावी लागेल आणि एका वर्षात दोन्ही जमणार नाही. या उन्हाळ्यात डेकचा तो पट्टा कापतो आणि डोलकाठी उभी करायला विंचची आधारकाठी घरीच बनवतो. बोट भाड्याने घेतलेल्या पिकअपने एकदाच मे महिन्यात न्यायची आणि ऑक्टोबरपर्यंत सेंट क्लेअरच्या काठी भाड्याच्या जागेत डोलकाठीसह उभी ठेवायची असे ठरवले आहे. भाडे बरेच आहे, पण सोळा हजार नाही.

उत्तरवारा :

हा निर्णय मला पटत नाही, कारण एकाच तळ्यात बांधून ठेवायची तर ट्रेलरची बोट कशासाठी, असा प्रश्न उरतोच. नॉर्थ चॅनेल तुम्हाला दिसणार नाही. तरीही गाडी मोजल्याबद्दल तुमचे कौतुक करते. आधारकाठीचे मोजमाप हवे असेल तर माझ्या बोटीवरचे फोटो आणि आकडे पाठवते, कॅटालिनाला थोडा बदल करून ती बसेल. खालच्या टोकाला डोलकाठीच्या बुंध्याशी पक्का टेका द्या आणि दोन्ही बाजूंना ताणाचे दोर बांधा, नाहीतर अर्ध्या उंचीवर डोलकाठी आडवी झुकते.

सुकाणू :

दोन दिवस म्हटले होते, पाच झाले. त्यातले तीन दिवस मी माझ्या ड्राइव्हवेमध्ये बोटीखाली होतो.

क्लिअरलेक यांनी विचारल्यापासून झोप लागत नव्हती, म्हणून ट्रेलरच्या आडव्या पट्टीवर लाकडी ठोकळे रचून कीलचा भार त्यांवर घेतला आणि केबल सोडवली. वरचा भाग, जो मला पायरीखालून दिसतो, नव्यासारखा आहे. खालच्या टोकाला, जिथे ती कीलवरच्या कडीत अडकते त्या तांब्याच्या दाबपट्टीच्या अगदी तोंडाशी, तारा मोजल्या. अकरा तुटलेल्या आहेत. हात फिरवला तेव्हा हातमोज्याला टोके अडकली, तेव्हाच कळले. आवाज मात्र शेवटपर्यंत तसाच होता.

फोटो टाकतो आहे. नवी केबल, रबरी नळी, दोन्ही पट्टे आणि पिन मागवली आहे, गुरुवारी येतील. नोवीकर, मे महिन्यात बोट पाण्यात टाकण्याआधी तुमचीही सोडवून पाहा, ठोकळे माझ्याकडे आहेत आणि मी येतो.